आधी दळण, मग मशीन

गेल्या दिवाळीत साताऱ्याहून मेहुण्याचा फोन आला. "दाजी, घरी एस्प्रेसोचं मशीन घ्यायचंय. तीन बघून ठेवलीत, कोणतं घेऊ?"

मी विचारलं, "दळणार कशावर?"

"मिक्सर आहे की."

नवं कोरं मशीन आणि चटणीच्या भांड्यात दळलेली कॉफी, ही जोडी मी सांगलीत आठ महिने सांभाळली आहे. त्यामुळे त्याने तिन्ही मशीनची नावं सांगायच्या आधीच मी त्याला थांबवलं. त्या दिवशी तासभर फोनवर जे बोललो तेच इथे जरा नीट मांडतो.

एस्प्रेसो म्हटलं की आपल्याकडे अजूनही लग्नातलं ते मोठं स्टीलचं मशीन आठवतं. जेवणं उरकली की मांडवाच्या कोपऱ्यातून फुस्स आवाज येतो, कपात फेस चढतो, वरून चॉकलेटची पावडर भुरभुरतात. ती कॉफी मला मनापासून आवडते. पण तिच्यात इन्स्टंट कॉफी, साखर आणि दूध एकत्र करून ते वाफेवर तापवलेलं असतं, दळलेल्या कॉफीतून दाबाने पाणी कुठेच जात नाही. खऱ्या एस्प्रेसोत बारीक दळलेली कॉफी एका धातूच्या जाळीत दाबून बसवतात. तिची घट्ट चकती होते. त्या चकतीतून साधारण ९३ अंश सेल्सिअसचं पाणी सुमारे ९ बार दाबाने, २५ ते ३० सेकंदांत आरपार जातं. १८ ग्रॅम कॉफीतून ३६ ग्रॅमच्या आसपास रस निघतो. ९ बार म्हणजे किती? आपल्या गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, त्याच्या चौपट.

हा दाब पहिल्यापासून नव्हता. इटलीत मिलानच्या लुईजी बेझेराने १९०१ मध्ये पेटंट घेतलं ते वाफेच्या जोरावर चालणाऱ्या मशीनचं, आणि वाफेचा दाब जेमतेम दीड बारपर्यंतच जायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाज्जियाने दांडा आणि स्प्रिंग वापरून दाब कितीतरी पट वाढवला, तेव्हा कपावर पहिल्यांदा तो तपकिरी साईसारखा थर आला. त्यालाच क्रेमा म्हणतात. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ मशीनने दांड्याच्या जागी विजेचा पंप आणला. आज घरोघरी येणारी मशीन त्याच वाटेवरची आहेत.

आता खोक्यावरच्या "१५ बार", "२० बार" या आकड्यांकडे या. मेहुण्याने निवडलेल्या तीनपैकी दोन मशीनवर हे ठळक अक्षरांत होतं आणि २० वालं चांगलं असणार असं त्याला वाटत होतं. विहिरीवरची मोटर ज्याने चालवली आहे त्याला हे चटकन कळेल. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद करत आणला की गेजचा काटा चढतो, पूर्ण उघडला की उतरतो. मोटर तीच, पण पुढे अडथळा किती आहे त्यावर दाब ठरतो. खोक्यावरचा आकडा म्हणजे पंप जास्तीत जास्त किती रेटू शकतो तेवढाच. कॉफीला हवा असतो ९. बऱ्या मशीनमध्ये जास्तीचा दाब सोडून देणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो किती बारवर लावलाय हे विचारा. आणि पुढचा अडथळा, म्हणजे तो बंद होत आलेला व्हॉल्व्ह, कोण? आपली दळलेली कॉफी. ती जाडसर असेल तर पाणी भसकन निघून जातं, दाब तयारच होत नाही. पीठ झालेली असेल तर थेंब पडत नाही. मशीन कितीही महागाचं असलं तरी या दोन्ही गोष्टी त्याच्या हातात नसतात.

दळण ओळखायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. भाकरीचं पीठ वेगळं, थालीपिठाची भाजणी वेगळी, लाडवाचं बेसन वेगळं. गिरणीत डबा ठेवताना आपण सांगतो, "जरा रवाळ ठेवा." माझी आजी जात्यावर बसायची तेव्हा दोन बोटांत पीठ चोळून बघायची आणि तळी घासली असेल तर टाकी लावणाऱ्याला बोलावणं जायचं. कॉफीच्या चांगल्या ग्राइंडरमध्ये हेच जातं असतं, फक्त पोलादाचं आणि मुठीत मावणारं. दोन दातेरी भाग, एक स्थिर आणि एक फिरणारा, मधे फट. यांना बर म्हणतात. बी त्या फटीएवढी बारीक झाल्याशिवाय खाली पडूच शकत नाही, त्यामुळे कण बऱ्यापैकी सारखे निघतात. फट कमी-जास्त केली की दळण बदलतं.

मिक्सरचं पातं दळत नाही, ते तोडत सुटतं. पात्याच्या वाटेत जे येतं ते पुन्हा पुन्हा तुटून धूळ होतं, जे कडेला राहतं ते डाळीएवढं राहतं. मग एकाच कपात दोन दोष येतात. धुळीतून पाणी सगळंच ओढून घेतं, अगदी कडू भागसुद्धा. आणि मोठ्या कणांच्या आत ते पोचतच नाही, म्हणून तिथून फक्त आंबट चव येते. कडू आणि आंबट एकाच वेळी लागणारी कॉफी प्यायली असेल तर तिचं कारण बहुतेक हेच.

माझं स्वतःचं सांगतो. सगळे पैसे मशीनमध्ये घातले होते. मिक्सरमधली कॉफी घालून बटण दाबलं की नवव्या सेकंदाला कप भरायचा, फिकट पिवळट, जिभेला चिंच लावल्यासारखा. ज्या दुकानातून मशीन आणलं तिथे विचारलं तर म्हणाले, पावडर बदला. तीन प्रकारच्या पावडरी बदलल्या, फरक शून्य. आठ महिन्यांनी हाताने फिरवायचा बर ग्राइंडर आणला. मशीन तेच, बियांची पुडीही तीच, आदल्या दिवशी फोडलेली. पहिल्या शॉटला, म्हणजे एका वेळी काढलेल्या एस्प्रेसोला, दळण फारच बारीक झालं, थेंबच पडेना. मग चार खटके जाड केलं, म्हणजे ग्राइंडरचं फट ठरवणारं चाक चार टप्पे फिरवलं. मिक्सरच्या कॉफीला पंपाचा आवाज मोकळा यायचा तो आता जड आला, सात-आठ सेकंद काहीच दिसलं नाही, मग जाळीखाली गडद थेंब जमा झाले आणि त्यांची एक बारीक धार झाली. गुऱ्हाळावर कढईतून झाऱ्याने उचललेली काकवी जशी अखंड, थोडी लवलवत पडते, अगदी तशी. रंगही तोच. मी ओट्यापाशी उभा राहून ती धार बघतच राहिलो होतो. तेव्हापासून कुणीही विचारलं की माझं उत्तर ठरलेलं आहे: बजेट करताना ग्राइंडरचे पैसे आधी बाजूला काढा. एकूण ४० हजार असतील तर १५ तरी त्याला द्या. त्यातून जे उरेल त्यात मशीन.

ग्राइंडर घेताना एकच गोष्ट नीट तपासा. एस्प्रेसोसाठी दळण अगदी केसभर बदलता आलं पाहिजे. पुष्कळ ग्राइंडर फिल्टर कॉफीसाठी उत्तम असतात, पण त्यांचे खटके इतके लांब लांब असतात की एका खटक्यावर शॉट १५ सेकंदांत पळतो आणि पुढच्या खटक्यावर ४५ सेकंद रखडतो. मधलं हवं ते २८ सेकंदांचं दळण त्यांत नसतंच. म्हणून नुसतं "एस्प्रेसो ते फ्रेंच प्रेस" असं लिहिलेलं वाचून समाधान मानू नका. एस्प्रेसोच्या पट्ट्यात किती खटके आहेत, किंवा खटक्यांशिवाय सलग फिरतो का, ते विचारा. टायमोर, किंगग्राइंडर, वनझेडप्रेसो यांचे हाताचे ग्राइंडर आपल्याकडे ऑनलाइन मिळतात आणि त्यांची काही मॉडेल्स खास एस्प्रेसोसाठी आहेत. त्याच किमतीच्या विजेच्या ग्राइंडरपेक्षा हाताचा ग्राइंडर सहसा सरस दळतो, कारण पैसे मोटरमध्ये न जाता बरमध्ये गेलेले असतात. १८ ग्रॅम दळायला मिनिटभर, कमी भाजलेल्या कडक बिया असतील तर जास्त. रोज दोन कप असतील तर काहीच वाटत नाही. घरात सहा माणसं पिणारी असतील किंवा दळणाऱ्याचं मनगट दुखत असेल तर मात्र विजेचाच घ्या आणि त्यासाठी थोडं थांबावं लागलं तरी थांबा. शंकूसारखे बर चांगले की सपाट, या वादात पहिल्या खरेदीला पडू नका.

आता मशीन. यात पाणी तापवायच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्या तुमच्या बाथरूममध्ये आधीच आहेत. इन्स्टंट गिझर आणि टाकीचा गिझर. थर्मोब्लॉकवालं मशीन इन्स्टंट गिझरसारखं, पाणी जाता जाता तापतं, मिनिटभराच्या आत तयार. डेलाँगीचं डेडिका, ब्रेव्हिलचं बँबिनो या जातीतली. बॉयलरवालं मशीन टाकीच्या गिझरसारखं, सावकाश तापतं, पण एकदा सगळा धातू तापला की तापमान सहसा ढळत नाही. गाज्जिया क्लासिक त्यातलं. एकाच बॉयलरवर कॉफी आणि वाफ दोन्ही काढायची असेल तर आधी शॉट, मग वाफेचं बटण, मग बॉयलर आणखी तापेपर्यंत थांबायचं, आणि पुढच्या शॉटआधी तो पुन्हा गार करायचा. दोघांच्या घरात हे जमतं. पाहुण्यांना एकामागून एक सहा कॅपुचिनो करायचे असतील तर जीव मेटाकुटीला येतो. दोन बॉयलरची मशीन यावरचा उपाय आहेत, पण पहिल्या खरेदीत त्या किमतीपर्यंत जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तापमान अंशाअंशाने सांभाळणारा पीआयडी नावाचा कंट्रोलर मिळाला तर घ्या, साध्या थर्मोस्टॅटपेक्षा तो खूप काटेकोर असतो.

मशीन उघडून बघताना जाळीची वाटी, म्हणजे बास्केट, उजेडासमोर धरा. शेकडो बारीक भोकं दिसली तर ती साधी बास्केट. आत भोकं पण बाहेरून तळाला एकच सुईएवढं छिद्र असेल तर ती दुहेरी तळाची. दुहेरी तळाच्या बास्केटमध्ये अडथळा कॉफीचा नसतो, त्या छिद्राचा असतो, म्हणून बाजारची तयार पावडर घातली तरी फेस येतो. पहिले आठ दिवस ती वापरायला हरकत नाही. पण तिच्यात दळणाचा फरक फारसा उमटत नाही, म्हणजे चांगल्या ग्राइंडरचे पैसे पाण्यात. तुम्ही घेताय त्या मॉडेलला साधी बास्केट मिळते ना, एवढी खात्री पैसे देण्याआधी करा. बास्केटचा व्यासही बघा. ५८ मिलिमीटर हे हॉटेलांतल्या मशीनचं माप, त्याचे सुटे भाग सगळ्यात सहज मिळतात. ५१ आणि ५४ मध्येही कॉफी उत्तम होते, फक्त भाग शोधून मागवावे लागतात.

ग्राइंडर आतच बसवलेली मशीन दिसायला आटोपशीर असतात आणि मेहुण्याला त्यातलंच एक आवडलं होतं. मी नको म्हणालो. पुण्या-मुंबईत ठीक आहे, पण आपल्याकडे बिघाड झाला की बहुतेक वेळा खोकं पुण्याला पाठवावं लागतं. ग्राइंडर अडला तर कॉफीचं मशीनही सोबत गेलं, आणि तीन आठवडे घर कोरडं. दोन वेगळ्या वस्तू असतील तर एक बिघडली तरी दुसरी घरी राहते, आणि पुढे चांगला ग्राइंडर घ्यावासा वाटला तर मशीन विकावं लागत नाही. ज्याच्या आत साधी टाकी, पंप, स्विच आणि थर्मोस्टॅट आहे असं मशीन गावातला हुशार मिक्सर-गिझर दुरुस्त करणारा माणूसही उघडू शकतो. टचस्क्रीनवालं नाही.

विजेचं एक सांगायलाच हवं. ही मशीन १३०० ते १६०० वॅट ओढतात, म्हणजे सहा-सात अँपिअर. मोबाइल चार्जर लावतो त्या लहान प्लगवर लावू नका, फ्रिज-गिझरसारखा १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा, आणि अर्थिंग खरंखुरं हवं. धातूचं अंग, आत पाणी आणि बाहेर ओले हात. जुन्या वाड्यांतली वायरिंग आधी तपासून घ्या. अमेरिकेतला भाऊ येताना मशीन आणतो म्हणाला तर त्याला आणू देऊ नका. तिथली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही, आणि या छोट्या पंपांची चाल हर्ट्झवर असते. वीज वारंवार जाणाऱ्या गावात राहत असाल तर फ्लेअरसारख्या हाताच्या दांड्याच्या मशीनचा जरूर विचार करा. त्यात पाणी गॅसवर तापवून ओतायचं आणि दाब आपल्या हाताने द्यायचा. दूध फेसवायची सोय नसते, पण काळी कॉफी मोठ्या मशीनच्या तोडीस तोड होते.

पाणी. मेहुण्याकडे कासचं पाणी येतं, त्याच्या चहाच्या पातेल्याला कधी पांढरा थर धरलेला मी पाहिला नाही. आमच्या बोअरच्या पाण्याने मात्र दर दोन वर्षांनी गिझरची कॉइल चुनखडीने मढते. तीच चुनखडी कॉफीच्या मशीनमध्ये बसते आणि तिथल्या नळ्या बॉलपेनच्या रिफिलएवढ्या असतात. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातल्या बोअरना दुहेरी त्रास, तिथे चुनखडीसोबत मीठही असतं आणि मीठ थर धरत नाही, धातू खातं. नुसतं आरओचं पाणी हाही इलाज नाही. क्षार जवळजवळ नसलेल्या पाण्यातली कॉफी सपक लागते आणि ते पाणीही धातूला चांगलं नसतं. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनने सुचवलेलं विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण (टीडीएस) लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास आहे. आरओ आणि नळाचं गाळलेलं पाणी मिसळून टीडीएस मीटरवर तिथपर्यंत यायचं, एवढं घरी जमतं. मात्र ज्या बोअरचं पाणी जिभेला खारट लागतं ते त्यात मुळीच मिसळू नका. दोन-तीन महिन्यांनी थर काढायला लिंबूसत्त्व चालतं, पण बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर आधी मशीनची पुस्तिका वाचा.

दुधात आपण भाग्यवान आहोत. म्हशीचं दूध स्निग्ध, त्याचा फेस जड आणि मऊ होतो. पण गवळ्याचं दूध तापवून घ्यावंच लागतं आणि मग त्यावर साय धरते. ती साय वाफेच्या नळीखाली गुठळ्या करते. म्हणून दूध तापवा, फ्रिजमध्ये पूर्ण गार करा, साय काढा, गाळा, मगच फेसवा. पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध थेट गार वापरता येतं. पहिले चार-पाच सेकंद नळीचं टोक पृष्ठभागावर ठेवून हवा आत घ्यायची, मग टोक जरा बुडवून दूध गरगर फिरवायचं. भांड्याला बाहेरून तळवा टेकवेनासा झाला की बंद. ६०-६५ अंशांच्या पुढे गेलं की दुधाचा गोडवा जातो.

बिया चिकमंगळूरच्या घ्या किंवा आणखी कुठल्या, पाकिटावर भाजल्याची तारीख हवीच. तारीख नसेल तर घेऊ नका. भाजल्यावर आठवडाभर त्यातला वायू निघू द्यायचा, मग महिनाभर त्या ऐन भरात असतात. चिकोरी मिसळलेली पावडर एस्प्रेसोच्या जाळीत घालू नका, ती फुगून चिकटते. सुरुवातीला मध्यम भाजणीच्या बिया घ्या. त्या चुका पोटात घालतात. पहिल्या पाव किलोतलं बरंच बेसिनमध्ये जाणार, तेवढी तयारी ठेवा. आणि ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवाच, अंदाजपंचे हे काम होत नाही.

कॉफी बास्केटमध्ये टाकल्यावर लगेच दाबू नका. आधी बारीक सुयांनी, बूच आणि चार सुया घेऊन घरी करता येतं, ती मोकळी आणि सारखी पसरा. मग सपाट दाबा. किती जोराने यापेक्षा सपाट किती हे महत्त्वाचं. उसाला पाणी सोडल्यावर सरीचा बांध एका जागी फुटला की सगळं पाणी तिथूनच पळतं आणि बाकीच्या सऱ्या कोरड्या राहतात. बास्केटमध्ये नेमकं हेच होतं, आणि ९ बारपुढे कच्चा बांध टिकत नाही.

मेहुण्याने शेवटी हाताचा ग्राइंडर आणि एक साधं थर्मोब्लॉक मशीन घेतलं, साधी बास्केट वेगळी मागवली. मशीन आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन. "दाजी, १९ सेकंदांत ३६ ग्रॅम. आंबट लागतेय."

"कॉफी तेवढीच ठेव, १८. बाकी कशाला हात लावू नकोस. दोन खटके बारीक कर आणि परत फोन कर."

दहा मिनिटांनी परत वाजला.